‘व्वा’नं संपणारी नावं

४ जुलै

खताच्या दुकानदारानं जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर कोरीच होती. आज सुगुणानं ती माझ्या पुढ्यात आणून टाकली. म्हणाली, "माझ्याशी बोलायचं नसेल तर हिच्याशी बोला." नवरा बोलत नाही म्हणजे आतून खचलाय, असं तिला वाटतं. मला बोलण्यासारखं काही सुचत नाही, एवढंच आहे.

काल सकाळी अक्का गेली. लिंगव्वा, वय एकसष्ट. छातीत दुखतंय म्हणाली, बावा रिक्षा घेऊन आला, पण रिक्षात बसायच्या आधीच सगळं संपलं होतं. बावा म्हणजे तिचा नवरा, भूमय्या. मी जगित्यालहून बस धरून पोचलो तोवर तिला अंगणात आणून ठेवलं होतं. बायका गळा काढून रडत होत्या. त्यातली एक रडता रडता जे म्हणत होती ते ऐकून मनात आलं, ओळ बरी आहे, पण दुसरा चरण लांब पडतोय. आई गेल्यावर जिनं मला सातव्या वर्षापासून वाढवलं ती समोर निजलेली, आणि मी मात्रा मोजतोय.

मला काही म्हणजे काही वाटलं नाही. शेजारणीनं ज्वारीच्या भाकऱ्या आणल्या होत्या, त्यातल्या चार मी खाल्ल्या.

५ जुलै

तिसरा दिवस. पानावर भात, मटण आणि द्रोणात ताडी ठेवली. आम्ही हात जोडून मागे सरकतोय तोच कावळा येऊन बसला. सगळे म्हणाले, समाधानानं गेली बाई. बावा अर्धा बहिरा आहे, त्यामुळे हळू बोलायचं म्हटलं तरी तो ओरडतोच. तो म्हणाला, "ती माणसाला वाट बघायला लावणारी बाई. हा दुसऱ्याच कुणाचा कावळा आहे." दोघंतिघं हसले.

निघताना सरपंचापासून सगळ्यांनी एकच विचारलं, "ओदेलू, अक्काचं गाणं कधी?"

विचारणारच. आमच्याकडे वीसेक वर्षांपासून माणूस गेलं की अकराव्याच्या जेवणाला त्याच्या आठवणीचं गाणं लागतं. चौकात त्याच्या फोटोचा फ्लेक्स, मांडवात कर्ण्यावर गाणं, मग तेच सगळ्यांच्या फोनवर. त्यात गावाचं नाव, मुलांची नावं, तिनं केलेले कष्ट, शेवटी गोदावरी आणि विझलेला दिवा. या भागातल्या निम्म्या मेलेल्यांची गाणी माझी आहेत. सख्ख्या बहिणीचं नाही केलं तर लोक तोंडात शेण घालतील.

८ जुलै

बस स्टँडमागच्या स्टुडिओत दहा ते चार बसलो. एक ओळ सुचली नाही.

माझ्याकडे चौदा प्रश्नांचा एक फॉर्म आहे. घरचे लोक येतात, मी विचारत जातो, ते सांगत जातात. काय रांधायच्या, काय काम करायच्या, कशावर चिडायच्या, शेवटचं काय बोलल्या. त्यातलं दोनचार निवडलं की गाण्याला पुरतं. आज नातेवाईकही मी आणि कवीही मी. फॉर्म भरला नाही. अक्काबद्दल मला माहीत नाही असं काय असणार? विड्या वळायची. उन्हातान्हात तेंदूची पानं, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. नवरा बावीस वर्षं मस्कतला. एवढं लिहिलं आणि पुढे हात चालेना.

चारला सम्मय्या आत आला. स्टुडिओ त्याचा. "अण्णा, कशाला जीव काढताय? नरसव्वाची चाल आहे ना, मार्चमधली. नाव बदललं की झालं."

तो म्हणतो ते खरं आहे. नरसव्वा, पोसव्वा, कनकव्वा, लिंगव्वा. 'व्वा'नं संपणारी नावं माझ्या चालीत एकाच जागी बसतात. मागच्या पिढीनं पोरींची नावं ठेवताना माझी फार सोय करून ठेवली आहे.

"काढ," मी म्हणालो.

११ जुलै

रेकॉर्डिंग झालं. स्वरूपा गायली. दोन वर्षांपूर्वी ही पोरगी लग्नाची गाणी म्हणायची, आता तिला मेलेल्यांतून सवड नाही.

"अण्णा, रडणं कुठं घालू? दुसऱ्या कडव्यात की तिसऱ्यात?"

"तिसऱ्यात."

तिसऱ्यात तिनं असा आवाज कापरा केला की सम्मय्याचा नवा वाजवणारा डोळे पुसायला लागला. कडवं संपल्यावर तिनं काचेतून मला विचारलं, "इथं मुलांची नावं येतात ना नेहमी? ती नाही घालायची?"

"नको. जागा नाही."

ती काहीतरी पुटपुटली आणि पुढचं म्हणायला लागली.

दोन दिवस छातीत जळजळतंय. चिंच जास्त झाली असणार. बावाच्या घरून निघताना अक्कानं फोडून ठेवलेली चिंच मी पिशवीत घालून आणली. का आणली कोण जाणे, आमच्याकडे चिंच चिक्कार आहे. सुगुणा म्हणते, तुम्ही ती नुसतीच खाता.

१३ जुलै

अकरावा झाला. तीनशे पान. गाणं तीनदा वाजलं. पहिल्यांदा बायका रडल्या, दुसऱ्यांदा पुरुष, तिसऱ्यांदा वाढपी. लोक येऊन माझा हात हातात घेत होते. "बहिणीसाठी जीव ओतलास रे." मी मान हलवत होतो. मटणात मीठ कमी होतं.

बावा गाणं चालू असताना उठून कर्ण्याच्या पेटीजवळ गेला. पेटीवर तळहात ठेवून, चांगला कान तिकडे करून शेवटपर्यंत उभा राहिला. मग माझ्याकडे आला.

"चांगलंय. कुणाचं गाणं हे?"

"अक्काचं!" मी त्याच्या कानाशी ओरडलो.

"ओरडू नको. लिंगव्वा लिंगव्वा चाललंय ते ऐकलं मी. पण कुणाचं?"

गोंगाटात त्याला नीट ऐकू आलं नसणार. मी पुन्हा सांगितलं. त्यानं माझ्या पाठीवर थोपटलं आणि पानावर जाऊन बसला. जेवला मात्र नाही.

१५ जुलै

सकाळी सातला बावाचा फोन. सातला अक्काचा फोन यायचा, त्याच नंबरावरून, त्यामुळे मी उचलून "सांग" म्हणालो.

"ओदेलू, ते तिसरं कडवं."

"काय झालं त्याला?"

"'तुझ्या पोटची पाखरं घरट्यात रडती.'" त्यानं ओळ जशीच्या तशी म्हटली. "आम्हाला कुठली रे पाखरं?"

अक्काला मूल झालं नाही. हे मला कुणी सांगायला हवं होतं का? कडवं नरसव्वाचं होतं, तिला दोन मुलगे आणि मुलगी. मी नाव बदललं, गाव बदललं, कडवं तसंच राहू दिलं. स्वरूपा विचारत होती तेव्हाही माझ्या डोक्यात शिरलं नाही. बावानं फोन ठेवला.

मला जास्त टोचतंय ते वेगळंच. मांडवात तीनशे माणसं होती. तिला मूल नाही हे प्रत्येकाला माहीत. काहींनी तर तिला आयुष्यभर त्यावरून ऐकवलं. त्याच ओळीवर ती सगळी रडली, आणि एकालाही खटकलं नाही. म्हणजे वीस वर्षं माझं गाणं कुणी ऐकतच नाही. लोक आपापलं रडतात, मी मागे वाजत असतो.

टोचतंय असं लिहिलं, पण खरं तर तसंही नाही. दुखऱ्या दाताला इंजेक्शन दिल्यावर तोंड जसं दुसऱ्याचं वाटतं तसं चाललंय. दुपारी हात गार पडले होते. हवा पावसाळी आहे.

१९ जुलै

सम्मय्याला म्हटलं, अक्काचं गाणं फोनवरून काढून टाक.

"अण्णा, चाळीस हजार लोकांनी ऐकलंय! रडून रडून लिहिलंय खाली. एका म्हाताऱ्याला एक ओळ लागली म्हणून काढायचं?"

"चुकीचं आहे ते."

"गाण्यात काय चूक आणि काय बरोबर? तुम्हीच मला शिकवलंत. मेलेल्याच्या घरी नवं काही न्यायचं नसतं. लोकांना ओळखीच्या वाटेनं रडायचं असतं, त्यांना वाट शोधायला लावू नका."

हे मीच म्हणालो होतो. कुठल्याशा वर्षश्राद्धाच्या जेवणात, ताडी पिऊन. तेव्हा फार शहाण्यासारखं वाटलं होतं.

आम्ही वाद घालत असतानाच तिघे भाऊ आत आले. आई गेलेली, पोसव्वा. थोरला म्हणाला, "लिंगव्वाचं आहे तेच द्या. बरोब्बर आमच्या आईचं वाटतं." सम्मय्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला हसूच आलं. देऊन टाकलं. अक्काचं फोनवरून उतरलं, पोसव्वाचं चढलं. तिला तीन मुलगे आहेत, तिला ते नीट बसलं.

२३ जुलै

फॉर्म घेऊन अक्काच्या गावी गेलो. बस चुकलो, म्हणजे दुसऱ्याच बसमध्ये बसलो आणि धर्मपुरीच्या वाटेवर तिकीटवाल्यानं उतरवलं. पोचायला दुपार झाली.

बावानं स्वतः पच्चिपुलुसु केलं होतं, चिंचेचं कच्चं सार. इतकं आंबट की कान हलले. "ती किती चिंच घालायची माहीत नाही," तो म्हणाला. "बावीस वर्षं मस्कत, आल्यावर नऊ वर्षं नुसतं आयतं. बघितलंच नाही."

मी फॉर्म काढला. तो हसायला लागला. "माझ्या बायकोची चौकशी मला करतोस? ती तुझ्याबद्दल काय म्हणायची, सांगू?"

"सांग."

"'माझा तम्मी मोठा कवी झालाय. त्याच्या गाण्यात सगळ्या बायका एकाच चुलीवर रांधतात आणि एकाच दिव्यानं विझतात.' आणि म्हणायची, 'मी मेले की त्याला गोदावरीजवळ जाऊ देऊ नका. तो मला त्यात बुडवील.'"

तम्मी म्हणजे धाकटा भाऊ. मला असं म्हणणारं आता कुणी नाही, हे मी फॉर्मच्या मागे टिपून घेतलं. कशाला टिपलं कळत नाही, चौदा प्रश्नांत ते बसत नाही.

"तुला लिहिता येत नव्हतं तेव्हा बरं लिहायचास," बावा म्हणाला. "त्या कॅसेटच्या शेवटी."

कॅसेट मी विसरलोच होतो. बावा मस्कतला गेला तेव्हा गावात फोन नव्हता. सुट्टी संपवून परत जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती आम्ही कॅसेट पाठवायचो. एक बाजू भरून अक्का बोलायची. शेवटची दोन मिनिटं उरली की मला म्हणायची, "भर काहीतरी, फुकट कशाला पाठवायची?" मग मी गाणं रचून म्हणायचो. शेळीनं तिच्या लग्नाच्या साडीचा पदर खाल्ला त्याचं. मामानं विहिरीत चष्मा टाकला त्याचं. चाल धेडगुजरी, यमक कुठं जुळलं तर जुळलं.

"आमच्या खोलीत आठ माणसं," बावा सांगत होता. "कॅसेट आली की शेजारच्या खोल्यांतलीही जमायची. तुझ्या गाण्याला हसायची. पण यायची ती तिच्या शिव्या ऐकायला. छप्पर गळतंय ते बघायला कोण येणार, तुमचा शेख येणार का? असं चालायचं. त्यांच्या स्वतःच्या बायका गोड बोलायच्या, लवकर या म्हणायच्या. ते ऐकून माणसं उदास व्हायची. हिची कॅसेट ऐकली की पोटभर जेवायची."

मी विचारलं, त्यातली एखादी आहे का?

"एकच तर होती. तिच्यावरच मी माझं भरून परत पाठवायचो. त्यावर पुन्हा ती." त्यानं हातानं पुसल्यासारखं केलं. "आहे ती कॅसेट. त्यावर शेवटचा मीच आहे."

नववा प्रश्न आहे, त्यांचं एखादं लक्षात राहिलेलं बोलणं. बावा दाराकडे वळून बसला. मग सांगायला लागला. पहिल्यांदा मस्कतहून आला तो पावणेतीन वर्षांनी. हातात दोन बॅगा, खांद्यावर ब्लँकेटांचं बोचकं, मागे अर्धं गाव. अक्का उंबऱ्याच्या आत विड्या वळत बसलेली. सूप मांडीवर, तंबाखू काठोकाठ, उठली तर सगळं सांडणार. तिनं मान वर केली, बघितलं, आणि म्हणाली, "थांबा तिथंच, हात मोकळा होऊ दे." आणि हातातली विडी पुरी केली. मग जुडी मोजली, दोरा बांधला. गाव हसत होतं आणि हा दारात बॅगा घेऊन उभा.

"राग नाही आला?"

"आला की. सुपात बघितलं तर सगळा तंबाखू ओला. मान खाली घालून रडत होती आणि वळत होती. त्या जुडीतल्या विड्या कारखान्यानं परत पाठवल्या."

हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा त्याच घरात होतो, बॅगा उघडायची वाट बघत.

एक गोष्ट त्यानं आपण होऊन सांगितली. अक्का त्याला मरेपर्यंत अहोजाहो करायची. शिव्यासुद्धा अहो लावून.

२८ जुलै

लिहितोय. हाताला वाईट खोड लागली आहे. 'थांबा' लिहिलं की पुढे आपोआप 'गोदावरीच्या काठी' येतं. खोडलं. 'विझला' आला, खोडला. वीस वर्षांत माझ्या हातानं स्वतःहून काही केलेलं नाही, त्याला ठरलेल्या जागी नेऊन सोडायचो.

शेवटी फुलांच्या सणाला बायका फेर धरून म्हणतात ती चाल घेतली. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी 'उय्यालो' म्हणून उचलायची. अक्का त्यात शेजारणींची उणीदुणी काढायची आणि त्याच शेजारणी उय्यालो म्हणायच्या. आठ ओळी झाल्या. गळकं छप्पर, शेळी, चिंच, दार. जुळलेलं एकही यमक नाही. वाचून पाहिलं तर यात मेलेलं कुणी नाहीच, एक बाई नुसती सगळ्यांवर ओरडतेय.

आज सकाळी सातला फोन हातात घेऊन बसलो होतो. सुगुणानं विचारलं, कुणाचा यायचाय? मी म्हटलं, कुणाचा नाही.

१ ऑगस्ट

स्वरूपाला म्हणून दाखवलं. शेळीच्या ओळीला ती खुदकन हसली. दाराच्या ओळीला वाकून कागद वाचायला लागली.

"अण्णा, यात रडणं कुठं घालू?"

"नाहीच आहे जागा."

"मग मी नाही म्हणणार. मी म्हटलं की घातलं जाईल." तिनं हेडफोन काढून ठेवला. "तुम्हीच म्हणा. तुमचा आवाज बेकार आहे, पण चालेल."

सम्मय्या म्हणाला, लोक हसतील. मेलेल्याच्या गाण्यावर हसले तर स्टुडिओला टाळं लागेल. चिडून नाही म्हणाला, काळजीनंच म्हणाला. मी कागद घडी करून खिशात घातला.

३ ऑगस्ट

अक्काला महिना झाला. मांडव नाही, कर्णा नाही. पानावर भात ठेवला, या वेळी कावळ्यानं तास लावला. बावा खूश झाला. "आता आली बघ."

दुपारी शेजारणी गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. मी म्हणालो, गाणं केलंय. त्यानं मान वळवून चांगला कान पुढे केला आणि डोळे मिटले. मी जवळ बसून म्हणायला लागलो. आवाज माझा मलाच परका वाटत होता. छप्पर झालं, शेळी झाली. बावा हसत होता, पोट हलत होतं त्याचं. चिंचेला म्हणाला, "बरोबर, मुठीनंच घालत असणार." मग दार आलं.

'थांबा तिथंच, हात मोकळा होऊ दे, उय्यालो.'

मी थांबलो. पुढे दोन ओळी होत्या, त्या मी म्हटल्या नाहीत. बावानं डोळे उघडले नाहीत.

"पुन्हा म्हण ती."

मी म्हणायला गेलो आणि घशातून काही येईना. पाणी प्यालो, पुन्हा तोंड उघडलं, तेच. वीस वर्षं दुसऱ्यांच्या आया पुरल्या, कधी असं झालं नव्हतं. बावानं जरा वाट पाहिली. मग तोच म्हणायला लागला. सूर नाही, ताल नाही, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, दाराकडे तोंड करून:

"थांब तिथंच, हात मोकळा होऊ दे."

मला वाटलं, चुकला. अक्का त्याला कधी 'थांब' म्हणाली नसती, 'थांबा' हवं. चूक सांगायला मी त्याच्या हाताला हात लावला. त्यानं ओळ पुन्हा म्हटली, पुन्हा 'थांब'च म्हणाला, आणि या वेळी ती अक्काची ओळ नव्हती, त्याची होती, हे माझ्यासारख्या मठ्ठालाही कळलं.

मी खिशातला कागद काढला, 'थांबा'चा काना खोडला, आणि मग मला कागद दिसेना.